पद्माकरचा रविवारचा फोन

पद्माकर देवस्थळी किती व्यवस्थित होता हे सांगायचं तर त्याच्या घरातल्या स्क्रूंपासून सुरुवात करावी लागेल. जॅमच्या रिकाम्या बाटल्यांत मापाप्रमाणे लावलेले स्क्रू, प्रत्येक बाटलीवर चिठ्ठी आणि चिठ्ठीवर तारीख. त्याच्याकडे एक स्क्रू मागितला की तो आधी विचारायचा, "कशासाठी?" मी म्हणायचो, "खायला." तो हसायचा नाही. भिंत कसली आहे, वजन किती टांगणार आहेस, हे सगळं विचारून मग बाटली उघडायचा. हा माणूस मला पहिली दोन वर्षं अजिबात आवडला नाही. पुढची एकोणीस वर्षं त्याच्यावाचून माझं चाललं नाही.

आम्ही दोघं साउथहॅम्प्टनला साधारण एकाच वेळी आलो. मी नागपूरचा, कंपनीनं पाठवलेला. तो पुण्याहून बायकोच्या मागोमाग आलेला. सुलक्षणावहिनी इथल्या हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ. पद्माकरनं पहिलं वर्ष घरी राहून मुलीला, ईराला सांभाळलं आणि मग बंदरावरच्या एका कंटेनर कंपनीत सर्व्हर सांभाळायची नोकरी धरली. इथल्या मराठी मंडळात त्याची ओळख 'डॉक्टरांचे मिस्टर' अशीच होती. मला असं कुणी म्हटलं असतं तर मी तिथल्या तिथे चार शब्द सुनावले असते. तो मात्र मान डोलावून खुर्च्या मांडायला लागायचा.

गावातल्या शर्ली भागातल्या त्याच्या घरात जिन्याखाली एक कपाट होतं. इतर लोक तिथे व्हॅक्युम क्लीनर आणि ओल्या छत्र्या कोंबतात. पद्माकरनं तिथे स्वतःचं मशीन ठेवलं होतं, लिनक्स प्रणालीवर चालणारा घरचा सर्व्हर. त्यात दोन डिस्क होत्या. एकीवर जे लिहिलं जाईल ते त्याच क्षणी दुसरीवरही लिहिलं जायचं, म्हणजे एक मेली तरी दुसरीवर संसार चालू. याला रेड म्हणतात. मोठ्या कंपन्या त्यासाठी वेगळं महागडं कार्ड घेतात, पद्माकरनं ते काम लिनक्सकडूनच करून घेतलं होतं. डिस्कना त्यानं नावंही दिली होती, थोरली आणि धाकटी. "आणि लक्षात ठेव, रेड म्हणजे बॅकअप नाही," हे तो मला न विचारता दर दोन महिन्यांनी सांगायचा.

ते मशीन वर्षभर चालू असायचं आणि वर्षातून एकदाच बंद व्हायचं, दसऱ्याला. त्याचे वडील पिंपरीच्या कारखान्यात फिटर होते. खंडेनवमीला तिथली सगळी यंत्रं थांबवून, पुसून, हळदकुंकू लावून ठेवायचे. पद्माकरनं ती रीत सोडली नव्हती. दसऱ्याच्या सकाळी तो बाहेरच्या एका डिस्कवर सगळ्याची कॉपी काढायचा, मग मशीन बंद करायचा, ब्रशनं धूळ काढायचा, झेंडूचं फूल वाहायचा आणि पुन्हा सुरू करायचा. मी त्याला म्हणायचो, "तू एकटाच आहेस, जो सर्व्हरला आंघोळ घालतो."

गेल्याच्या गेल्या वर्षी दसरा झाला आणि पंधरा दिवसांत निदान झालं. जीभ जड होते म्हणून दाखवायला गेला होता. मोटर न्यूरॉन डिसीज निघाला. यात एकेक स्नायू काम सोडत जातो, डोकं मात्र शेवटपर्यंत लख्ख राहतं. काहींचे आधी पाय जातात. याचं घशापासून सुरू झालं होतं. वहिनींनी मला फोनवर सांगितलं ते डॉक्टरी आवाजात, एकही शब्द न अडखळता. "बोलणं सहा महिने. पुढचं बघू." फोन ठेवल्यावर मी गाडीत बसून रडलो. दुसरं काय करणार होतो?

पद्माकर रडला की नाही मला माहीत नाही. त्यानं यादी केली. यादीत पहिल्या नंबरवर होती आई.

आई पुण्यात, शशीताईकडे, म्हणजे त्याच्या बहिणीकडे राहायच्या. वय सत्त्याऐंशी, हृदय अगदी कमजोर, बुद्धी चाकूसारखी. दर रविवारी इथल्या सकाळी अकरा वाजता पद्माकर त्यांना फोन करायचा, गेली एकवीस वर्षं. व्हिडिओ नाही, साधा फोन. त्यांना पडद्याकडे बघून बोलायला आवडत नसे. आता प्रश्न आला, आईला सांगायचं का? शशीताई म्हणाल्या, मुळीच नाही. वहिनीही नको म्हणाल्या. मीही म्हणालो, कशाला त्रास द्यायचा या वयात. आपल्याकडे वाईट बातमी म्हाताऱ्या माणसांपासून लपवणं हे सेवेतच मोडतं. दहा मिनिटांच्या फोनवर आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवून टाकलं. ज्यांच्याबद्दल ठरवत होतो त्या तिकडे पुण्यात शेजारच्या खोलीत शब्दकोडं सोडवत होत्या.

पण मग आवाज गेल्यावर रविवारी अकराला कोण बोलणार? पद्माकरनं त्याचा बंदोबस्त केला. हॉस्पिटलवाल्यांकडून एक टॅबलेट मिळणार होता. त्याला डोळ्यांची हालचाल ओळखणारा कॅमेरा असतो, ज्या बटणाकडे बघाल ते दाबलं जातं. त्यातला आवाज इंग्रजी, कुणा परक्या माणसाचा. पद्माकरनं ठरवलं, त्या बटणांच्या मागे आपला आवाज घालायचा, मराठीत.

तो रोज सकाळी कोटांच्या कपाटात तोंड घालून बसायचा, कारण कोटांमुळे आवाज घुमत नाही, आणि एकेक वाक्य रेकॉर्ड करायचा. "हो का?" "मग?" "शशी काय म्हणते?" "गोळ्या घेतल्यास का?" "इथे पाऊस आहे, दुसरं काय असणार." "तूप खातो गं, किती वेळा सांगू." इतक्या वर्षांत आई काय काय विचारते हे त्याला पाठ होतं, त्याची उत्तरं त्यानं करून ठेवली. आईच्या वाढदिवसाची वाक्यं केली, अठ्ठ्याऐंशी पूर्ण, एकोणनव्वद पूर्ण, असं करत पंच्याण्णवपर्यंत. स्वतः तो साठ बघणार नव्हता. खोकला रेकॉर्ड केला. हसणं रेकॉर्ड करायला मला बोलावलं, आणि या माणसाला हसवणं म्हणजे काय हे ज्यांनी त्याला पाहिलंय त्यांनाच कळेल. तीन हसणी मिळवायला मला एक अख्खा शनिवार लागला. माझ्यासाठीही त्यानं एक वाक्य करून ठेवलं होतं, "मिलिंद, घाई करू नकोस." म्हणाला, हे तर सगळ्यात जास्त लागणार.

एप्रिलपर्यंत तीन हजार आठशे वाक्यं झाली. त्यानंतरच्या शंभरेकांत जीभ अडखळत होती, ती त्यानं पुसून टाकली. सगळी त्या जिन्याखालच्या मशीनवर होती. टॅबलेटवरची सगळी पानं, सगळी बटणं तिथूनच यायची. दुसऱ्या कुणाच्या कंपनीच्या मशीनवर आपला आवाज ठेवायला तो तयार नव्हता.

मे महिन्यात बोलणं थांबलं आणि रविवारचा फोन टॅबलेटनं सुरू केला. मी एकदा समोर बसून ऐकला. आई बोलायच्या, हा डोळ्यांनी बटण शोधायचा, दोन-तीन सेकंद जायचे, मग त्याचा जुना, स्वच्छ आवाज यायचा, "मग तू काय म्हणालीस?" आई पुढे सुरू. मध्येच त्या म्हणाल्या, "हल्ली फार विचार करून बोलतोस रे पद्या." त्यानं डोळे फिरवले आणि टॅबलेट हसला, मी मिळवून दिलेल्या तीनपैकी दुसऱ्या नंबरचं हसू. तेव्हा मला वाटलं, या माणसानं रोगाला गंडवलं.

आता मी काय केलं ते सांगतो.

दसरा गुरुवारी होता. तोवर पद्माकरचे हातपाय गेले होते, अन्न नळीनं पोटात जात होतं. मंडळातल्या दहा-बाराजणांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली होती. हा बहुधा त्याचा शेवटचा दसरा, हे सगळ्यांना ठाऊक होतं, बोलत कुणी नव्हतं. मशीनची पूजा त्याच्या हातून होणार नव्हती, म्हणून ते काम माझ्याकडे आलं. मीही याच धंद्यातला. फक्त गेली दहा वर्षं मी माणसांच्या मीटिंगा घेतो, मशीनला हात लावत नाही. हे मी कुणाला बोललो नाही.

मी कपाटापाशी बसलो तेव्हा मागून टॅबलेट बोलला, "आधी कॉपी काढ."

कॉपीला दोन तास लागतात. पूजेचा मुहूर्त अर्ध्या तासावर आला होता, लोक बूट काढून आत येत होते, वहिनी शिऱ्याला वेलची शोधत होत्या. मी म्हटलं, "संध्याकाळी काढतो रे. मशीन काय पळून चाललंय?"

"मिलिंद, घाई करू नकोस."

सगळे हसले. मीही हसलो, आणि मशीन बंद केलं.

ईरानं पूजा केली. तेवीस वर्षांची पोर, इथेच वाढलेली, पण बाबांनी शिकवलं होतं तसं तिनं नीट हळदकुंकू लावलं, फूल ठेवलं. मी बटण दाबलं. काळ्या पडद्यावर चार ओळी आल्या आणि मशीन तिथेच थांबलं. पुन्हा बंद, पुन्हा चालू. पुन्हा तेच. टॅबलेटवर कोरं पान.

जे मला नंतर कळलं ते इथेच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं समजेल. आदल्या नोव्हेंबरात, रेकॉर्डिंग सुरू झाल्यावर जेमतेम पंधरा दिवसांनी, थोरली डिस्क जोडीतून निसटली होती. केबल सैल झाली असावी. तसं झालं की मशीन मेल पाठवतं. ते मेल गेलं पद्माकरच्या ऑफिसच्या पत्त्यावर, आणि ऑफिस त्यानं आजारपणामुळे त्याच महिन्यात सोडलं होतं. पुढचे अकरा महिने सगळं एकट्या धाकटीवर लिहिलं जात होतं. पण मशीन उठताना आधी एक छोटा प्रोग्राम शोधतं, बूटलोडर म्हणतात त्याला, आणि तो होता फक्त थोरलीवर. धाकटी दोन वर्षांपूर्वी बदलून नवी घातली तेव्हा तिच्यावर बूटलोडर घालायचं पद्माकर विसरला होता. हा माणूस विसरला, हे मला अजून पटत नाही. तर उठवणारी थोरली आदल्या नोव्हेंबरातली आणि बाकी सगळा संसार धाकटीवरचा, या ऑक्टोबरातला. दोघींचं जुळेना, म्हणून मशीन अडून बसलं.

मला यातलं काहीच माहीत नव्हतं. मी सरळ हिशेब केला, दोनपैकी एक डिस्क मेलीय. आधी थोरली काढली आणि एकट्या धाकटीवर मशीन सुरू केलं. ते ढिम्म. मग धाकटी काढून थोरली लावली, आणि काय सांगू, मशीन उठलं. पडद्यावर लॉगिन आलं. मी ओरडलो, "झालं!" म्हणजे धाकटी मेलेली, थोरली जिवंत.

टॅबलेटवर बटणं आली. पद्माकरनं लगेच एक दाबलं. त्याचाच आवाज, "हॅलो, हॅलो. आवाज येतोय का?"

"येतोय, येतोय!" सगळे एका सुरात म्हणाले. टाळ्या पडल्या.

"हॅलो, हॅलो. आवाज येतोय का?"

"अरे येतोय बाबा," मी कपाटातूनच म्हटलं. मी तेव्हा धाकटी पुन्हा जोडत होतो. मेलेली दिसत असली तरी एकदा जोडीत घालून बघू, थोरलीवरचं सगळं तिच्यावर उतरवू, म्हणजे दोन्ही पुन्हा सारख्या. मशीननं मला अडवलंही. म्हणालं, ही डिस्क आधीच एका जोडीची आहे, तिची जुनी खूण पुसल्याशिवाय घेता येणार नाही. विचार करायला ती जागा होती. मी खूण पुसली. उतरवण्याचं काम सुरू झालं, दीड तास दाखवत होतं.

"हॅलो, हॅलो. आवाज येतोय का?"

ईरा माझ्या पाठीशी येऊन उभी राहिली. "मिलिंदकाका, बाबाला काहीतरी सांगायचं आहे. He keeps pressing it."

"हो गं, टेस्ट करतोय तो. एक मिनिट."

मी उठलो आणि सोनं वाटायला सुरुवात झाली. आपट्याची पानं कुणीतरी नाशिकहून बॅगेत आणली होती, वाळून काळी पडलेली. पद्माकर सगळ्यांत मोठा आणि असा खुर्चीत बसलेला, तेव्हा रांग लागली. वाकायला जागा व्हावी म्हणून कुणीतरी टॅबलेटचं स्टँड बाजूला सरकवलं. मीच सरकवलं. एकेकजण पुढे यायचा, त्याच्या मांडीवर पान ठेवायचा, "सोनं घ्या, सोन्यासारखे राहा" म्हणायचा आणि त्याच्या पायांवर डोकं टेकवायचा. बायका डोळे पुसत होत्या. मीही वाकलो, आयुष्यात पहिल्यांदा. खोलीत बाराजण होते आणि सगळ्यांच्या माना खाली. त्याच्या डोळ्यांकडे कुणी बघत नव्हतं, आणि बोलायला त्याच्याकडे तेवढेच उरले होते.

मग जेवणाची पानं वाढली. तासाभरानं वहिनी शिऱ्याचं बोट त्याच्या ओठांना लावायला आल्या आणि थबकल्या. त्यांनी वाटी खाली ठेवली आणि भिंतीवरचा कागद काढला. कागद म्हणजे पारदर्शक प्लॅस्टिक, त्यावर वहिनींनी मार्करनं मुळाक्षरं लिहिलेली. कागद समोर धरायचा, पद्माकर ज्या अक्षराकडे बघेल ते आपण मोठ्यानं म्हणायचं. ब. अनुस्वार. द. बंद. "काय बंद करू?" ड. स. क.

मी धावलो. एक्क्याण्णव टक्के झालं होतं. मी भिंतीतली वायर उपटली.

टॅबलेटवर त्या वेळी एकतीस बटणं होती. पहिल्या पंधरा दिवसांत माइक आणि जागा तपासताना केलेली वाक्यं, तेवढीच थोरलीवर होती. बाहेरच्या डिस्कवरची कॉपी तर आदल्या दसऱ्याची, रेकॉर्डिंगच्या आधीची. बाकी तीन हजार सातशे एकोणसत्तर वाक्यं ज्या धाकटीवर होती, तिच्यावर मी त्याच्या डोळ्यांदेखत कोरी पाटी उतरवली होती. राहिलेल्या नऊ टक्क्यांत मी तीन आठवडे शोधत होतो, लंडनच्या एका तज्ज्ञालाही डिस्क दाखवली. एका फाइलचा तुकडा सापडला. त्यात पद्माकर खोकतो.

त्या दिवशी घरातून निघताना मी त्याच्यासमोर उभा राहिलो आणि म्हणालो, "पद्माकर, माझं चुकलं." वहिनींनी कागद धरला. त्यानं डोळे मिटून घेतले.

रविवारी मी साडेदहालाच जाऊन बसलो. कुणी बोलावलं नव्हतं, पण घरी बसवेना. अकराला वहिनींनी फोन लावून स्पीकरवर टाकला.

"पद्या, दसऱ्याचा नमस्कार नाही केलास रे."

पद्माकरचे डोळे एकतीस बटणांवरून फिरले. एक, दोन, तीन, चार. चहा नको. दार लाव. चष्मा दे. पंखा बंद कर. असलीच सगळी. त्यानं त्यातल्या त्यात एक निवडलं.

"हॅलो, हॅलो. आवाज येतोय का?"

"मला येतोय की. तुला येतोय का?"

"हॅलो, हॅलो. आवाज येतोय का?"

"अरे, येतोय म्हणते ना!"

वहिनींनी फोन घेतला. "आई, लाइन खराब आहे. पुढच्या रविवारी करतो." पुढच्या रविवारीही लाइन खराब होती, त्याच्या पुढच्याही. वहिनी म्हणत, मीच बोलते, तो झोपलाय सांगू. पद्माकर कागदावर दाखवायचा, नाही. दर रविवारी त्याला फोन समोर हवा असायचा. त्याच्या आवाजात एवढं तरी आईला ऐकू जावं, असं त्याला वाटत असेल. मला वाटायचं, जमिनीनं मला पोटात घ्यावं.

चौथ्या रविवारी आईंनी ऐकून घेतलं आणि मग शांतपणे म्हणाल्या, "चार रविवार तुझी लाइन खराब. सुलक्षणाचं बोलणं मात्र त्याच फोनवर स्वच्छ येतं. मी म्हातारी झाले, बहिरी नाही झाले. बोलायचं नसेल तर तसं सांग, पद्या. मला उगाच फोनपाशी बसवू नकोस." आणि फोन ठेवला.

पद्माकरच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. पुसायला हात नव्हते, वहिनींनी पुसलं. मग त्यानं माझ्याकडे बघितलं, बघतच राहिला. दसऱ्यानंतर पहिल्यांदा. मी कागद घेतला, मला अक्षरं पटकन ओळखता येत नव्हती आणि त्याला पुन्हा पुन्हा सुरुवात करावी लागत होती. त. ऊकार. स. काना. अनुस्वार. ग. तू सांग.

मी पुण्याला फोन लावला. माझी ओळख सांगितली, मग आजाराचं नाव सांगितलं, मग टॅबलेटचं सांगितलं, मग दसऱ्याचं. एकही गोष्ट गाळली नाही.

"म्हणजे मे महिन्यापासून मी रेकॉर्डशी बोलत होते?"

"आवाज त्याचाच होता, आई. बटण तोच दाबायचा."

"मी बोलायचे ते तो ऐकत होता?"

"सगळं. आत्ताही ऐकतोय."

"आणि शशीला हे ठाऊक होतं. तुम्हा सगळ्यांना ठाऊक होतं."

मी हो म्हणालो.

"माझा मुलगा मरतोय आणि मी त्याला विचारत बसले होते, तूप खातोस का." त्यांचा श्वास मोठ्यानं ऐकू येत होता. "मिलिंद, यापुढे मला काही कळवायचं असलं तर तू कळवायचं. लगेच. माझ्या तब्येतीचं नाव सांगून थांबायचं नाही. शब्द दे."

मी दिला.

"आता फोन त्याच्या कानाशी ठेव आणि सगळे बाहेर व्हा."

मी फोन उशीवर ठेवला आणि आम्ही स्वयंपाकघरात जाऊन उभे राहिलो. चाळीस मिनिटं. त्या काय बोलल्या मला माहीत नाही, मी विचारलंही नाही. आत गेलो तेव्हा पद्माकर झोपला होता, कित्येक दिवसांनी गाढ.

त्यानंतर फोन तिकडून यायला लागला, अकराच्या ठोक्याला. वहिनी फोन उशीवर ठेवायच्या आणि बाहेर यायच्या. आई बोलायच्या, तो ऐकायचा. माझ्याशी आई कधी बोलल्या नाहीत. मला माफ केलं असं पद्माकरनं कधी कागदावर सांगितलं नाही, आणि मी ते शब्द त्याच्याकडून काढून घ्यायला गेलो नाही. मी रविवारी जायचो, बिनमध्ये कचरा टाकायचो, औषधं आणायचो. असे तेरा रविवार गेले.

फेब्रुवारीत त्याला न्यूमोनिया झाला. शनिवारी संध्याकाळी तो गेला. ईरा ट्रेननं येऊन पोचली तोवर उशीर झाला होता. पुण्यात शशीताईंना कळवलं. मी म्हटलं, आईंना आत्ता सांगा. शशीताई म्हणाल्या, रात्री नको, उद्या संध्याकाळी पाच वाजता त्यांचे डॉक्टर बीपी बघायला येतात, ते समोर असताना सांगू, काही झालं तर हाताशी असतील. मी वाद घातला, मी त्यांना शब्द दिलाय म्हटलं. त्या रडत म्हणाल्या, "तुम्ही तिकडून शब्द देता, इथे उचलायला मी आहे." मी बरं म्हणून फोन ठेवला.

रविवारी अकराला आम्ही तिघं हॉलमध्ये अंत्यसंस्काराचे फॉर्म भरत होतो. फोन वाजला. पुण्यात साडेचार वाजले होते. वहिनी फोनकडे बघत राहिल्या, ईरानं तोंडावर हात ठेवला. पाच वेळा वाजल्यावर मी तो उचलून कानाला लावला.

"पद्या," आई म्हणाल्या आणि वाट न बघता बोलायला लागल्या. काल रात्री झोप लागली नाही. शशी सकाळपासून तोंड चुकवतेय, आम्ही दोघी बहुतेक भांडणार आज. आवळ्याचा मुरांबा जमलाय, कुणी येणारा मिळाला तर पाठवते, सुलक्षणाला म्हणावं नुसता ओठाला लाव. तू तिसरीत असताना मुरांब्याची बरणी पाडून काचेवर पाय दिला होतास, आठवतं का, तेव्हा मी तुला आधी मारलं आणि मग पायातलं रक्त बघितलं. ते मला हल्ली फार आठवतं. तसं करायला नको होतं रे मी.

मी त्यांना थांबवलं नाही. सगळं सांगून झाल्यावर त्या म्हणाल्या, "बरं, दमला असशील. ठेवू?"

"आई," मी म्हणालो, "मी मिलिंद बोलतोय."